डोळेकाकांचा फोन

माझ्या चष्म्याच्या दुकानामागे एक खोली आहे. उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीखाली लांबलचक टेबल, कोपऱ्यात लोखंडी कपाट. त्या खोलीत एकतीस वर्षं एक माणूस डोळे बनवत बसायचा. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी खोटे डोळे. सगळे त्यांना डोळेकाका म्हणत. माझ्या वडिलांनी त्यांना ती खोली भाड्याने दिली तेव्हा मी शाळेत होते. पुढे वडील गेले, दुकान माझ्याकडे आलं आणि खोलीबरोबर काकाही माझ्या वाट्याला आले.

खोटा डोळा म्हणजे काचेची गोटी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती एक पातळ वाटी असते, कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाची, आणि ती पापण्यांच्या आत बसते. आधी खोबणीचा साचा घ्यायचा, मग मेणात आकार काढायचा, मग मधलं बुबुळ रंगवायचं. काका आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे हात स्थिर होता. काळा म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्या डोळ्यात ते सहा रंग शोधायचे. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उसवून त्यातला केसाहून बारीक तंतू चिमट्याने उचलायचे आणि श्वास रोखून वाटीवर ठेवायचे. एका तांबारलेल्या डोळ्याच्या गिऱ्हाइकाला त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "साहेब, पिणं कमी करायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. शिरा कमी घालतो." तो गृहस्थ आधी ओशाळला, मग पोट धरून हसला.

हे सगळं असलं तरी लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या तोंडाला कुलूप होतं म्हणून. प्रत्येक नव्या माणसाला ते एक गोष्ट सांगत, "रस्त्यात भेटलात तर मी ओळख दाखवणार नाही. राग मानू नका. तुम्हीही दाखवू नका." समोरच्या माणसाचे खांदे हे ऐकल्यावर जरा खाली यायचे, ते मी दारातून कितीतरी वेळा पाहिलंय. नावं आणि पत्ते एका वहीत असत, वही कपाटात, कपाटाला दोन किल्ल्या, आणि दोन्ही काकांच्या कमरेला. वहीतही डोळ्याचा उल्लेख नसे. नावापुढे फक्त आकडा, आणि त्या आकड्याचं साच्याचं डबडं वरच्या फळीवर.

फोन मी त्यांच्या हातात दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कुणाच्या खात्यावर मांडायचं ते कळेल.

काका पासष्टीला आले होते आणि त्यांची नजर दमू लागली होती. गिऱ्हाइकाला चार-चार वेळा बोलवावं लागायचं. मी म्हटलं, "काका, चांगल्या डोळ्याचा फोटो काढून ठेवा. मोठा करून बघा, हवा तेवढा वेळ बघा." ते आठवडाभर कुरकुरले आणि मग लहान मूल नव्या खेळण्याला चिकटावं तसे चिकटले. बुबुळाचा फोटो बोटांनी ताणून मोठा करायचे आणि मला हाक मारायचे, "हे बघ, इथे हिरवा आहे. तीस वर्षं मला हा हिरवा दिसलाच नव्हता." मग ते पापणी कशी पडते ते पाहण्यासाठी रिकाम्या खोबणीचेही फोटो काढू लागले, आणि पूर्ण चेहऱ्याचे. कामाला ते लागतच होते.

फोन सुरू करून दिला मीच. चार आकडी कुलूप घातलं. दोनच दिवसांत काका तक्रार घेऊन आले, "हे सारखं बंद पडतं गं. हाताला रंग असतो, दरवेळी आकडे कुठे दाबत बसू?" मी आत गेले आणि पडदा आपोआप बंद व्हायची वेळ दहा मिनिटांवर नेऊन ठेवली. खात्याचा पासवर्ड घाईघाईत टाकला, कारण बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि फोनच्या खोक्याच्या झाकणावर पेनने लिहून ठेवला. गॅलरीला, मेसेजना वेगळं कुलूप घालता येतं हे मला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला गुंतवळ, असा विचार केला.

नंबर साठवायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "नावं नको घालूस. कुणाच्या हाती पडला तर?" मला त्यांचं कौतुक वाटलं. मग त्यांनीच तोडगा काढला. नावाऐवजी धंदा आणि बाजू. वकील उजवा. बेकरी डावा. शाळा डावा. फोटोंनाही तीच नावं दिली. आम्हा दोघांनाही ते फार हुशारीचं वाटलं. एका परीने पाहिलं तर आम्ही चोराला यादी करून ठेवली होती, कुणाचा कुठला डोळा खोटा त्याची.

फोन गेला तो शुक्रवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. रंग जुळवायला उघड्यावरचा उजेड लागतो, म्हणून काका गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर आणून उभं करायचे. त्या दिवशी एक निवृत्त ट्रकचालक होता. काकांनी फोन उंच धरला, त्याला म्हणाले, "वर आभाळाकडे बघा," आणि तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. मागे बसलेल्याने हात लांब केला आणि फोन उचलला. झाडावरचं फळ तोडावं इतक्या सहज. ट्रकचालक बिचारा आभाळाकडेच बघत राहिला. त्याला काय झालं ते कळलंच नाही.

काका आत आले ते पांढरेफटक होऊन. मी पाणी दिलं.

"लॉक आहे ना, काका. त्याला काही उघडणार नाही," मी म्हटलं.

"उघडाच होता," ते म्हणाले. "फोटो काढत होतो."

"बंद होतो आपोआप."

हे बोलताना मला ती दहा मिनिटं आठवली. मी ती बोलून दाखवली नाही.

दहा मिनिटंही लागत नाहीत म्हणा. पडद्याला मधून मधून बोट लावत राहिलं की तो बंद होतच नाही, आणि उघड्या फोनमध्ये शिरलेल्या माणसाला पहिल्या मिनिटातच कळतं काय काय आहे. पण त्या वेळी मी स्वतःची समजूत घालत होते आणि सोबत त्यांचीही. दुसऱ्या फोनवरून आपला फोन पुसून टाकता येतो, हे ऐकून होते. त्याला पासवर्ड हवा. पासवर्ड खोक्यावर. मी काकांच्या घरी फोन लावला. त्यांच्या धाकट्या बहिणीने उचलला. मी त्यांना आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "ते खोकं? अगं, ते मागेच रद्दीत गेलं."

मी आठवतील ते सगळे शब्द टाकून पाहिले. पाचव्या खेपेला खातंच अडलं.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, पोलिसांत उद्या जाऊ. शनिवारी गेलो तर टेबलामागच्या पोलिसाने फोनचा पंधरा आकडी नंबर मागितला. तो खोक्यावर असतो. "खोकं घेऊन या," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला. सिम बंद करायला कंपनीच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानच बंद होऊन गेलं होतं. रविवारी सुट्टी. घरबसल्या एक फोन केला असता तर सिम पाच मिनिटांत बंद झालं असतं, हे मला सोमवारी तिथल्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. तिला माझी कीव आली असावी, कारण तिने ते दोनदा सांगितलं.

पण शनिवारची संध्याकाळ सांगायची राहिली. सगळं त्या संध्याकाळीच आहे.

सहाच्या सुमाराला दुकानाचा फोन वाजला. पलीकडे वकील उजवा. मी त्यांचा आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

"तुमच्या मागच्या खोलीतले गृहस्थ आहेत का?"

काका आले, रिसीव्हर कानाला लावला. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, वकिलाचा आवाजच तसा होता. काकांच्या नंबरवरून त्यांना त्यांचाच फोटो आला होता, रिकाम्या खोबणीचा. खाली लिहिलं होतं, हा फोटो आणखी कुणाकुणाला दाखवू? आणि पैसे कुठे पाठवायचे ते.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता," वकील म्हणाले.

"फोन चोरीला गेला," काका म्हणाले.

"ते मला आत्ता कळतंय," वकील म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

काका खुर्चीत बसले. बराच वेळ हाताच्या बोटांवरचा रंग खरवडत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यांना कळवायला हवं. वही आहे."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "दोनशे लोकांना कशाला घाबरवायचं, काका? एकालाच आलाय. सोमवारी सिम बंद केलं की विषय संपेल. उगाच बोभाटा होईल तो आपल्याच तोंडून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना माझं पटलं नव्हतं. पण पटावं असं त्यांना फार वाटत होतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं तोंड मिटून धंदा केला, त्याला दोनशे जणांना फोन लावून आपलं तोंड उघडं पडलं असं सांगायचं होतं. मी त्यांना पळवाट काढून दिली आणि ते तिच्यातून गेले.

"बरं," ते म्हणाले. "सोमवारी बघू."

सोमवारी दुपारी सिम बंद झालं. मंगळवारी शाळा डावा दुकानात आली.

ती एका शाळेत चौथीला शिकवायची. तिशीतली, सडपातळ, बोलायला स्पष्ट. नऊ वर्षांची असताना तिचा डोळा गेला होता. गेली आठ वर्षं ती काकांकडे येत होती, आणि तिचा डोळा हे काकांचं सगळ्यात चांगलं काम होतं. नवरा आणि आई सोडून ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी तिने काळा चष्मा लावला नव्हता, डोळाही जागेवर होता. सरळ मागच्या खोलीत गेली. मी तिच्यामागून गेले.

"कधी गेला फोन?" तिने विचारलं. ती उभीच होती.

"शुक्रवारी," काका म्हणाले.

"आणि तो लोकांना लिहितोय, हे कधी कळलं?"

"शनिवारी. संध्याकाळी."

"मला रविवारी रात्री आला मेसेज. सकाळपर्यंतची मुदत होती. मी पैसे दिले नाहीत. असल्या माणसाला एकदा दिले की जन्मभर द्यावे लागतात, एवढं मला कळतं. सोमवारी सकाळी त्याने माझा फोटो शाळेच्या फेसबुकच्या पानावर टाकला. स्नेहसंमेलनाच्या फोटोंखाली. मुख्याध्यापकांनी तो काढेपर्यंत दीड तास गेला. अर्ध्या पालकांनी पाहिला. उरलेल्या अर्ध्यांना त्यांनी पाठवला."

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"माझा नंबर तुमच्याकडे दुसरीकडे कुठे होता?"

"वहीत."

"मग?"

मी मध्ये पडले. "बाई, चूक माझी आहे. मीच म्हटलं, लोकांना उगाच घाबरवू नये."

ती माझ्याकडे वळली. तिचा चांगला डोळा कोरडा होता. "घाबरले असते मी. पण शनिवारीच घाबरले असते. रविवार पूर्ण मिळाला असता मला. सोमवारी वर्गात जाऊन मी मुलांना स्वतः सांगितलं असतं. काढून दाखवलाही असता. नऊ-दहा वर्षांची पोरं ती, दोन दिवस प्रश्न विचारले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरली असती. आता त्यांच्या आयांनी आधी पाहिलंय, आणि पोरांना सांगून ठेवलंय की बाईंना त्याबद्दल काही विचारायचं नाही. वर्गात कुणी माझ्याकडे बघत नाही, काका. पंचेचाळीस पोरं वहीत डोकं घालून बसतात."

"चोराने केलं ते चोराने केलं," ती पुढे म्हणाली. "त्याला मी कुठे शोधू? पण तुम्हाला दोन दिवस आधी माहीत होतं."

मग तिने आपला साचा मागितला. काका स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून डबडं काढलं, फडक्याने पुसलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते पिशवीत टाकलं. जाताना तिने दार आपटलं नाही की काही नाही. नीट ओढून घेतलं.

त्यानंतर काकांनी वही बाहेर काढली. दोनशे चौदा नावं. पाच दिवस आम्ही दुकानाच्या फोनवर बसलो. मी नंबर फिरवायची, ते बोलायचे. सुरुवात दरवेळी तीच, "मी डोळे करणारा बोलतोय. माझ्याकडून तुमची एक वस्तू गेली." सिम बंद झालं तरी फोटो चोराकडे होतेच. आता वेगवेगळ्या नंबरांवरून मेसेज जात होते. काही जण म्हणाले, कळलं, बरं झालं सांगितलंत. बेकरीवाला तर हसला, म्हणाला, "माझा फोटो त्यात बरा आलाय का?" एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोण तुम्ही? मी तुम्हाला ओळखत नाही." तिच्या मागे माणसांचे आवाज येत होते. काकांनी "माफ करा, चुकून लागला" म्हणून फोन ठेवला आणि पुढची दहा मिनिटं मला नंबर फिरवू दिला नाही.

किती जणांनी पैसे दिले ते कधीच कळलं नाही. कोण सांगणार? वीसेक नंबर लागलेच नाहीत. पोलिसांनी पुढे एक टोळी पकडली, पोत्यात भरून फोन सापडले. त्यात काकांचा नव्हता.

काका त्या महिन्यात इतके वाळले की मी आत्यांना भेटायला गेले. काका आणि आत्या दोघंच राहायचे, दोघांनीही लग्न केलं नव्हतं. आत्यांचाही डावा डोळा खोटा. काकांनी बनवलेला पहिला डोळा त्यांचाच. लहानपणी सरकारी दवाखान्यातून मिळालेला तयार डोळा भलत्याच रंगाचा होता, लोक त्याच्याकडेच बघत राहायचे, म्हणून पाट्या रंगवणाऱ्या भावाने ब्रश उचलला, एवढं मला माहीत होतं.

आत्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यावर कापडी पट्टी होती.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"नाही गं. कंटाळा आला. दुपारी काढून ठेवते हल्ली."

काका दवाखान्यात गेले होते. आत्यांनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "मलाही आला होता मेसेज. रविवारीच. माझा फोटो, अगदी भोकासकट."

"मग? काकांना सांगितलंत?"

"नाही. त्या मेल्याला उत्तर दिलं. म्हटलं, पाठव ज्याला पाठवायचा त्याला. पुन्हा आला नाही."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"तुझ्या काकाने तुला सांगितलंय का, माझा डोळा कसा गेला?"

"खेळताना लागलं म्हणून."

"गलोल त्याची होती. तो बारा वर्षांचा, मी सात. त्याने चिमणीवर धरली होती." त्यांनी पदराने गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "तेव्हापासून त्याला माझा डोळा कुणाला दिसलेला चालत नाही. मला कधीच काही वाटलं नाही गं. म्हणजे वाटलं असेल सुरुवातीला. पण शाळेत सगळ्यांना माहीतच होतं. नोकरीला लागले तेव्हा हा म्हणाला, तिथे सांगू नकोस. मी म्हटलं, बरं. त्याला बरं वाटतंय ना. पस्तीस वर्षं नोकरी केली, रोज सकाळी त्याच्यासाठी डोळा घालून गेले. लपवायची हौस त्याची होती. मग ती त्याने दोनशे लोकांना लावली."

"लोकांना ते हवंच होतं, आत्या."

"असेल. मी माझं सांगतेय."

हे त्यांनी काकांना कधी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. पण काकांना ते आतून कळलं असावं, कारण पुढे पुढे आत्या पट्टी लावूनच बाहेर निघायच्या आणि काका त्यांच्याबरोबर चालताना दोन पावलं मागे राहायचे. मी दुकानातून बघायची.

काम कमी होत गेलं. जुनी माणसं डोळा घासून गुळगुळीत करून घ्यायला वर्षातून एकदा यायची, ती येईनात. नवी यायची त्यांच्या कानावर काहीतरी आलेलं असायचं. काकांनी फोन पुन्हा घेतलाच नाही. रंग पूर्वीसारखा नजरेने जुळवू लागले, पण आता नजर ती राहिली नव्हती. एक-दोन डोळे परत आले. शाळा डावा दुसऱ्या गावी बदली घेऊन गेली, असं मी ऐकलं.

मग मोठ्या रुग्णालयाने त्यांना बोलावलं. तिथे हे काम शिकणारी दोन मुलं होती, आठवड्यातून एक दिवस शिकवायचं. मला फार बरं वाटलं. नवा शर्ट घालून काका गेले. पहिल्या दिवशी दोघांनी वह्या उघडल्या, आणि काका म्हणाले, "आधी फोन काढा."

दुपारपर्यंत त्यांनी रंगाचं नावही काढलं नाही. पडदा किती वेळाने बंद होतो, ते विचारलं. पासवर्ड कुठे लिहिलाय. फोनचा नंबर पाठ आहे का. दुसरीकडून पुसायची सोय करून ठेवलीय का, आणि एकदा करून बघितलीय का. रोग्याचे फोटो घरच्या फोटोंमध्येच आहेत का. मेसेज आला तर बंद पडद्यावर तो वाचता येतो का. फोन गेला तर पहिला फोन कुणाला कराल, दुसरा कुणाला, आणि रोग्यांना किती तासांत कळवाल. पोरं आधी हसली, मग कंटाळली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्यातल्या मुलीने आपल्या मोबाइलला कुलूप कसं आहे ते दाखवलं, तर काका म्हणाले, "हातातून खेचला तर? तेव्हा कुठलं कुलूप?" ती वैतागून म्हणाली, "मग काय, फोटो काढायचेच नाहीत का?" काका दुसऱ्याकडे वळले आणि त्याचा फोन मागितला.

तिसऱ्या आठवड्यानंतर विभागप्रमुखांचा मला फोन आला. आवाजात भरपूर आदर होता. काकांचं वय झालंय, त्यांना दगदग नको, असं ते म्हणाले. मी समजले. काकांना मी दगदगीचंच सांगितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

खोली त्यांनी त्याच वर्षी सोडली. कपाट माझ्याकडेच राहिलं. मागच्या वर्षी हिवाळ्यात ते गेले, झोपेत. आत्या आहेत. सगळ्या विधींना पट्टी लावून उभ्या होत्या, आणि आलेल्यांतले निम्मे लोक त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खुशाल बघू दिलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मला वाटत होतं, संपली. गेल्या महिन्यात दुकानात एक माणूस आला. चाळिशीचा, प्रवासाने चुरगळलेला शर्ट. चष्मे बघायचं त्याने नाटकही केलं नाही. त्याने आपला फोन काढला, त्यावरचा एक फोटो उघडला आणि काउंटरवर माझ्यापुढे ठेवला. एक वयस्कर बाई, एक डोळा नाही, मागे आमच्या खोलीची खिडकी.

"ही माझी आई," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा नंबर आता मी वापरतो, त्यावर हा फोटो परवा कुणीतरी पाठवला, पैसे मागायला. तिचा डोळा खोटा होता हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. खिडकीशेजारी तुमच्या दुकानाचं नाव छापलेलं कॅलेंडर दिसतं, त्यावरून शोधत आलो. हा तुमच्याकडून गेला का?"

मी खोटं बोलू शकले असते. काका नव्हते, खोली भाड्याने दिलेली होती, वही काकांनी खोली सोडतानाच जाळून टाकलेली होती. त्याला पुरावा मिळाला नसता.

"हो," मी म्हटलं. "इथूनच गेला. तुमच्या आईला आम्ही कळवायला हवं होतं. फोन लागला नसेल."

त्याने फोटो बंद केला आणि तो तसाच उभा राहिला. मी आतून खुर्ची आणून त्याला बसायला दिली, आणि तो विचारील त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत राहिले. तो फार वेळ विचारत होता.